कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचा कार्यस्थळी प्रवेश : महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदी आणि नाशिकच्या औद्योगिक क्षेत्रातील त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

नाशिकची परंपरागत ओळख तीर्थक्षेत्राची आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात सातपूर, अंबड व सिन्नर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे या शहराला कामगारांचे शहर ही दुसरी ओळख प्राप्त झाली. या वसाहतींमध्ये पाळी सुटण्याच्या वेळी एक दृश्य अनेकदा पाहावयास मिळते. कारखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, संघटनेचे पदाधिकारी पत्रके वाटत उभे असतात. कंपनीच्या बसगाड्या सुटण्याची घाई असते. त्या घाईतच दहा-पंधरा मिनिटांचे भाषण होते. कामगारांच्या बोलीत यास 'गेट मीटिंग' म्हणतात.

ही सभा फाटकाबाहेरच का होते, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मालकाच्या जागेत बाहेरच्या व्यक्तीने जाऊ नये हे सर्वांनाच स्वाभाविक वाटते. परंतु कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यास कार्यस्थळी प्रवेश करण्याचा हक्क महाराष्ट्रात कायद्याने दिलेला आहे, आणि तो अर्धशतकापासून अमलात आहे. असे असूनही सभा फाटकाबाहेर होते, याचे कारण त्या हक्काच्या रचनेत आहे. प्रस्तुत लेखात या हक्काचे स्वरूप, त्याची पार्श्वभूमी आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

प्रवेशाच्या हक्काचा अर्थ

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार त्याच कारखान्यात नोकरीस असलेल्या पदाधिकाऱ्यांचा. त्यांना कामासाठी आत जावेच लागते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत प्रवेशाचा प्रश्न एरवी उद्भवत नाही. मात्र असा पदाधिकारी निलंबित किंवा बडतर्फ झाला की फाटक त्यालाही बंद होते. दुसरा प्रकार पूर्णवेळ कार्यकर्ते, वकील अथवा अन्य ठिकाणचे कामगार नेते यांचा. त्यांना 'बाहेरचे' म्हटले जाते. भारतातील कामगार चळवळीत या बाहेरच्या नेत्यांचे स्थान आरंभापासून मोठे आहे. नोकरी जाण्याच्या भीतीने कामगार जे बोलू शकत नाही ते बोलण्यासाठी मालकाच्या पगारपत्रकावर नसलेली व्यक्ती आवश्यक ठरते. प्रवेशाचा हक्क खऱ्या अर्थाने अशा व्यक्तीसाठी महत्त्वाचा आहे.

प्रवेशाची प्रयोजने मुख्यतः तीन असतात : सभासदांशी संपर्क ठेवणे, कामाच्या परिस्थितीची पाहणी करणे आणि अद्याप सभासद नसलेल्या कामगारांपर्यंत पोहोचणे. यांपैकी पहिली दोन महाराष्ट्रातील कायद्याने काही अटींवर मान्य केली आहेत. तिसरे त्याने मान्य केलेले नाही. पुढील सर्व विवेचनाचा रोख या तिसऱ्या प्रयोजनाकडे आहे.

घटनात्मक व कायदेशीर पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. या स्वातंत्र्यातून कार्यस्थळी प्रवेशाचा हक्क आपोआप निर्माण होतो काय? सर्वोच्च न्यायालयाची भूमिका नकारात्मक आहे. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात १९६१ साली न्यायालयाने असे म्हटले, की संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कात त्या संघटनेची सर्व उद्दिष्टे साध्य होण्याची हमी अंतर्भूत नाही. रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या १९६९ च्या निकालात, रेल्वेच्या आवारात सभा घेण्याचा हक्क मूलभूत स्वातंत्र्यातून मिळत नाही, कारण दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत ते स्वातंत्र्य हवे तसे वापरता येत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. म्हणजेच प्रवेशाचा हक्क हवा असेल तर तो विधिमंडळाने स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

केंद्रीय पातळीवर असा हक्क दीर्घकाळ केवळ ऐच्छिक स्वरूपात होता. १९५८ च्या औद्योगिक शिस्तसंहितेनुसार मान्यता मिळालेल्या संघटनांना आवारात वर्गणी गोळा करणे, सूचनाफलक लावणे आणि सभासदांशी चर्चा करणे या सवलती अपेक्षित होत्या. मात्र ती संहिता कायदा नव्हती आणि ती न पाळणाऱ्यास कोणतीही शिक्षा नव्हती. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनांच्या नोंदणीची व्यवस्था केली. नोंदणीकृत संघटनेशी मालकाने बोलावे किंवा तिला आत येऊ द्यावे, असे बंधन मात्र घातले नाही.

मुंबई प्रांताने या बाबतीत वेगळी वाट धरली. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ ने कापड गिरण्या व अन्य अधिसूचित उद्योगांतील मंजूर संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आवारात वर्गणी गोळा करण्याचा, फलक लावण्याचा, चर्चा करण्याचा आणि कामाच्या जागेची पाहणी करण्याचा हक्क दिला. इतर उद्योगांतील कामगारांसाठी मात्र अशी तरतूद नव्हती. महाराष्ट्र शासनाने १४ फेब्रुवारी १९६८ रोजी अनुचित कामगार प्रथांविषयी एक समिती नेमली. तिच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा, १९७१ संमत झाला व ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. सातपूर व अंबड येथील बहुतेक खाजगी कारखान्यांना लागू असणारा कायदा तो हाच.

कलम २० मधील तरतुदी

या कायद्याच्या कलम २० ने मान्यताप्राप्त संघटनेच्या, नियमांनुसार प्राधिकृत केलेल्या पदाधिकाऱ्यांना, कार्यालयीन सेवकांना व सभासदांना पुढील हक्क दिले आहेत. पगारवाटपाच्या जागी सभासदांकडून वर्गणी गोळा करता येते. उपक्रमाच्या आवारात सूचनाफलक लावता येतो. औद्योगिक विवाद टाळण्यासाठी अथवा मिटविण्यासाठी आवारात संबंधित सभासद कामगारांशी चर्चा करता येते. मात्र तीमुळे कामात व्यत्यय येता कामा नये. त्याच प्रयोजनासाठी मालकाशी अथवा त्याच्या प्रतिनिधीशी तक्रारींबाबत बोलता येते आणि आवश्यकता भासल्यास कामगार जेथे काम करतात त्या जागेची पाहणी करता येते. याखेरीज मालकाने चालविलेल्या अंतर्गत चौकशीत कामगाराच्या वतीने उपस्थित राहता येते.

मान्यता नसलेल्या संघटनेचे हक्क कलम २२ मध्ये आहेत. बडतर्फी, कामावरून कमी करणे, निलंबन इत्यादी बाबतींत एखाद्या सभासदाच्या तक्रारीविषयी मालकाशी चर्चा करणे आणि सभासदाच्या वतीने अंतर्गत चौकशीत उभे राहणे, एवढ्यावर ते संपतात. आवारात सभासदांशी बोलण्याचा, फलक लावण्याचा वा पाहणी करण्याचा हक्क त्यांत नाही.

मान्यताप्राप्त संघटनेला दिलेल्या या विशेष स्थानास आव्हान देण्यात आले होते. बामर लॉरी कामगार संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच संघटनेकडे सोपविणारी कलम २० ची तरतूद वैध ठरविली. औद्योगिक शांततेसाठी एका प्रातिनिधिक संघटनेशी वाटाघाटी होणे इष्ट होय, हे त्यामागील तत्त्व होते. त्याच तत्त्वाची दुसरी बाजू मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात अनुभवली होती. बहुसंख्य गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे गेले असतानाही, १९४६ च्या कायद्यानुसार प्रातिनिधिक संघटनेचे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिले. कायद्याने एकदा दिलेले स्थान आणि कामगारांचा प्रत्यक्ष कल यांत अंतर पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मान्यतेचा उंबरठा

१९७१ च्या कायद्यानुसार मान्यतेसाठी दोन प्रमुख अटी आहेत. उपक्रमात किमान ५० कामगार असले पाहिजेत आणि अर्जापूर्वीच्या लगतच्या सलग सहा महिन्यांत एकूण कामगारांपैकी किमान ३० टक्के कामगार संघटनेचे सभासद असले पाहिजेत. मान्यतेचा निर्णय औद्योगिक न्यायालय देते. तो गुप्त मतदानावर आधारित नसून सभासदत्वाच्या पडताळणीवर आधारित असतो.

येथेच या कायद्यातील चक्राकार अडचण दिसून येते. संघटनेला आत जाण्यासाठी मान्यता हवी. मान्यतेसाठी ३० टक्के सभासद हवेत. सभासद मिळविण्यासाठी कामगारांशी बोलावयास हवे, आणि बोलण्यासाठी आत जाता येत नाही. ज्या संघटनेचे पाय कारखान्यात आधीच रोवलेले आहेत तिलाच कायदा दार उघडून देतो. जेथे संघटना नाही आणि तिची गरज सर्वांत अधिक आहे, तेथे दार बंद राहते. शिवाय आवारातील चर्चेची मुभा सभासद कामगारांपुरतीच आहे. म्हणजे ३० टक्के सभासदसंख्येवर मान्यता मिळविलेल्या संघटनेलाही उर्वरित ७० टक्के कामगारांशी आवारात बोलण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही, जरी वाटाघाटीत ती त्यांचेही प्रतिनिधित्व करीत असली तरी.

पन्नास कामगारांची अटही नाशिकच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. मोठ्या वाहन व विद्युत उपकरण उद्योगांना सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान वर्कशॉप अंबड व सातपूर येथे आहेत. ज्या युनिटमध्ये ४५ कामगार आहेत तेथे सर्वच्या सर्व ४५ जण सभासद झाले तरी या कायद्याखाली मान्यता मिळू शकत नाही. साहजिकच कलम २० चा प्रवेशही मिळत नाही.

नाशिक रोड येथील मुद्रणालयांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ पासून, तर चलार्थ पत्र मुद्रणालय १९२८ पासून कार्यरत आहे. २००६ पासून ही मुद्रणालये केंद्र सरकारच्या मालकीच्या महामंडळाकडे आहेत. त्यांच्या बाबतीत समुचित शासन केंद्राचे असल्याने राज्याचा १९७१ चा कायदा तेथे लागू होत नाही. नोटा व मुद्रांक छापणाऱ्या जागी प्रवेशावर कठोर निर्बंध असणे समजण्यासारखे आहे. परंतु एकाच शहरातील दोन कामगारांच्या संघटनात्मक हक्कांत फरक पडतो तो कामाच्या स्वरूपामुळे नव्हे, तर मालकी कोणाची यावरून, ही बाब लक्षात घ्यावयास हवी.

कंत्राटी कामगार आणि दुहेरी फाटक

गेल्या तीन दशकांत कारखान्यांतील मनुष्यबळाची रचना बदलली. कायम कामगारांच्या शेजारी कंत्राटी, हंगामी व प्रशिक्षणार्थी कामगार मोठ्या संख्येने उभे राहिले. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असे ठरविले, की मालक व कामगार हे नातेच विवाद्य असेल तर १९७१ च्या कायद्याखालील तक्रार चालविता येत नाही. ते नाते प्रथम अन्य मंचावर सिद्ध झाले पाहिजे. परिणामी ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराला मुख्य मालकाविरुद्ध या कायद्याचा आधार घेणे कठीण झाले.

एक गृहीत उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. एका कारखान्यात १०० कायम आणि ३०० कंत्राटी कामगार आहेत असे समजू. कायम कामगारांचाच हिशेब धरल्यास ३० सभासदांवर मान्यता मिळू शकते. हे प्रमाण प्रत्यक्ष राबणाऱ्या ४०० जणांच्या साडेसात टक्के आहे. संघटनेचा पदाधिकारी आत जाईल तो या तीस जणांसाठी. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराशी बोलण्याचा हक्क त्याला नाही. कंत्राटी कामगारांनी स्वतंत्र संघटना करून ठेकेदाराच्या उपक्रमात मान्यता मिळविण्याचा प्रयत्न केला, तरी अडचण सुटत नाही. कारण ठेकेदाराच्या मालकीचे फाटकच नसते. जागा एकाची आणि नोकरी दुसऱ्याची, अशा स्थितीत आवार या शब्दाचा अर्थच हरवतो.

याचे परिणाम केवळ वेतनापुरते नाहीत. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्यात भीषण आग लागली व कामगारांचे प्राण गेले. अशा दुर्घटनांनंतर सुरक्षा यंत्रणेची चर्चा होते, शासकीय तपासणीची मागणी होते. परंतु धोक्याची पहिली जाणीव तेथे रोज काम करणाऱ्यास असते, आणि ती निर्भयपणे बाहेर पोहोचविण्याचा मार्ग म्हणजे संघटना. कलम २० मधील पाहणीचा हक्क औद्योगिक विवाद टाळणे वा मिटविणे या प्रयोजनाशी बांधलेला आहे. सुरक्षेसाठी पाहणी असा त्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. सुरक्षेचा प्रश्न विवादाचे रूप घेईपर्यंत थांबणे कोणाच्याच हिताचे नाही.

अन्य देशांतील अनुभव

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७१ च्या १४३ क्रमांकाच्या शिफारशीत, उपक्रमात नोकरीस नसलेल्या परंतु ज्यांच्या संघटनेचे सभासद तेथे काम करतात अशा प्रतिनिधींनाही प्रवेश द्यावा, असे सुचविले आहे. म्हणजे तेथेही सभासदत्व ही पूर्वअट आहेच. मात्र त्यासाठी ३० टक्क्यांची मर्यादा नाही.

ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या फेअर वर्क कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे प्रवेशाचा परवाना संघटनेच्या मान्यतेशी न जोडता पदाधिकाऱ्याच्या व्यक्तिगत पात्रतेशी जोडला आहे. तो योग्य व लायक व्यक्ती असल्याची खात्री करून आयोग त्याला ठराविक मुदतीचा परवाना देतो. चर्चेसाठी प्रवेश करावयाचा असल्यास किमान २४ तास आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि चर्चा जेवणाच्या वा अन्य सुट्टीतच करता येते. ज्या कामगारांचे प्रतिनिधित्व करण्यास संघटना पात्र आहे, त्या सर्वांशी, त्यांची इच्छा असल्यास, ती बोलू शकते. ते आधीपासून सभासद असण्याची अट नाही. परवान्याचा गैरवापर केल्यास तो निलंबित वा रद्द होऊ शकतो.

अमेरिकेतील घडामोड याच्या उलट दिशेची आहे. कॅलिफोर्नियात १९७५ च्या एका नियमान्वये शेतमजूर संघटनांच्या कार्यकर्त्यांना वर्षातील जास्तीत जास्त १२० दिवस, दररोज तीन तासांपर्यंत शेतमालकाच्या जागेत जाऊन मजुरांशी बोलता येत असे. सीडर पॉइंट नर्सरी या स्ट्रॉबेरीची रोपे तयार करणाऱ्या संस्थेने त्यास आव्हान दिले. २३ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी, असा सक्तीचा प्रवेश म्हणजे भरपाईविना मालमत्ता घेणे होय, असा निर्णय दिला. द्राक्षबागांच्या नाशिक जिल्ह्यात या निकालाचा विषय परका वाटू नये. पेठ, सुरगाण्याकडून छाटणी व काढणीसाठी येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या मान्यतेच्या चौकटीत प्रायः येतच नाहीत. तथापि त्या निकालाचा तर्क भारतात जसाच्या तसा लागू होत नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क येथे मूलभूत राहिलेला नसून अनुच्छेद ३०० अ खालील घटनात्मक हक्क आहे, आणि कायद्याच्या अधिकाराने त्यावर मर्यादा घालता येते. प्रवेशाचा हक्क विस्तारण्यात घटनेचा अडसर नाही. प्रश्न विधिमंडळाच्या इच्छेचा आहे.

व्यवस्थापनाची बाजू

व्यवस्थापनाचे आक्षेप सर्वस्वी निराधार मानता येणार नाहीत. उत्पादनात व्यत्यय येणे, धोकादायक यंत्रांजवळ अनभिज्ञ व्यक्तीचा वावर, तांत्रिक गोपनीयता आणि एकाच कारखान्यात दोन-तीन संघटनांची चढाओढ या चिंता वास्तव आहेत. कारखान्यातील शांतता बिघडली तर त्याची झळ कामगारासही बसते. परंतु या सर्व आक्षेपांचे उत्तर प्रवेश नाकारणे हे नसून प्रवेश नियमबद्ध करणे हे आहे. ओळखपत्र, पूर्वसूचना, सुट्टीची वेळ, उपाहारगृह किंवा ठरवून दिलेली खोली, धोकादायक विभागात सुरक्षा अधिकाऱ्याची सोबत या अटी घालता येतात. आत शांतपणे झालेली चर्चा फाटकाबाहेरील घोषणाबाजीपेक्षा व्यवस्थापनासही कमी त्रासाची ठरते.

नवी संहिता आणि पुढील दिशा

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा घेतली. संहितेच्या कलम १४ नुसार, एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. अन्यथा २० टक्क्यांच्या हिशेबाने प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी परिषद बनते. अशा संघटनेस वा परिषदेतील घटकांस मालकाने कोणत्या सुविधा द्यावयाच्या, हे संहितेने नियमांवर सोपविले आहे. जे हक्क महाराष्ट्रात कायद्याच्या कलमात लिहिलेले आहेत, ते संहितेत शासनाने करावयाच्या नियमांवर अवलंबून आहेत, हा फरक मूलभूत आहे. संहितेने निरसित केलेल्या कायद्यांत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही. दोन्हींतील तरतुदी जेथे परस्परविरोधी ठरतील तेथे अनुच्छेद २५४ च्या कसोटीवर न्यायालयीन अन्वयार्थ लावावा लागेल.

तथापि जुना कायदा असो वा नवी संहिता, मूळ उणीव समान आहे. दोन्ही ठिकाणी सुविधा संख्याबळाच्या मागून येतात. त्यामुळे नियम करताना तीन बाबींचा विचार होणे आवश्यक वाटते. पहिली, वाटाघाटीचा हक्क आणि संपर्काचा हक्क वेगळे करावेत. वाटाघाटीसाठी संख्याबळाची अट योग्य आहे; सुट्टीच्या वेळेत कामगारांशी बोलण्यासाठी नोंदणीकृत संघटना व परवानाधारक पदाधिकारी एवढी अट पुरेशी ठरावी. दुसरी, आवारात काम करणारा प्रत्येक जण, त्याचा पगार कोणीही देत असो, या संपर्काच्या कक्षेत यावा. तिसरी, लहान युनिटांसाठी औद्योगिक वसाहतीत सामाईक जागा उपलब्ध करून द्यावी, जेणेकरून वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपवर स्वतंत्र भार पडणार नाही.

निष्कर्ष

महाराष्ट्राने कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यास कार्यस्थळी प्रवेशाचा हक्क देशातील अनेक राज्यांच्या आधी दिला, ही या राज्याच्या कामगार कायद्यातील जमेची बाजू होय. परंतु तो हक्क मान्यतेचे पारितोषिक म्हणून दिला गेला, संघटन-स्वातंत्र्याचे साधन म्हणून नव्हे. कायम कामगारांची संख्या मोठी होती तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. कंत्राटी व लहान युनिटांतील कामगारांची संख्या वाढल्यावर ती उघडी पडली. संघटनेत सामील व्हावयाचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी कामगाराचा आहे. मात्र तो निर्णय घेण्यापूर्वी दुसरी बाजू ऐकण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. बस सुटण्याच्या घाईत, रस्त्याच्या कडेला मिळणारी दहा मिनिटे त्यासाठी पुरेशी नाहीत.